दिव्यात तेल घाल, गो बाय

घरून काम सुरू झालं तेव्हा सगळ्यांच्याच घरात ऑफिस शिरलं. माझ्या घरात ऑफिसबरोबर आमचे साहेबही शिरले. बाकीच्यांना निदान संध्याकाळी लॅपटॉप मिटता तरी यायचा.

साहेब म्हणजे फार मोठे कुणी नव्हेत. विम्याचे दावे तपासून त्यांवर शेरे लिहिणारं आमचं फोर्टातलं लहानसं ऑफिस, त्यात ते सगळ्यांत जुने. खरा मॅनेजर दुसऱ्या शहरात बसायचा आणि वयाने साहेबांच्या मुलाएवढा होता. पण आमच्यात 'साहेब' म्हटलं की हेच. लॉकडाउन आला, गेला, आणि मालकांच्या लक्षात आलं की जागा नसली तरी दावे तपासून होतातच. त्यांनी जागा सोडली, आमच्या हातात लॅपटॉप दिले आणि आम्हाला घरी पाठवलं ते कायमचंच.

साहेबांचं घर लालबागला, एका खोलीचं. मुलगा हॉटेलात रात्रपाळीला, म्हणजे दिवसभर घरात झोपलेला. सून मसाले करून विकायची, म्हणजे दिवसभर घरात मिरच्या भाजणं. "बाय गो, माझ्या लॅपटॉपाक ठसको लागता," असं त्यांनी मला फोनवर सांगितलं आणि फक्त आजचा दिवस म्हणून ते परळला माझ्याकडे आले. आमची इमारत जुनी, तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्या, बाहेर लांबलचक सामाईक गॅलरी, आणि घरात आई नि मी अशा दोघीच. एक दिवसाने काय होतंय, असं मला वाटलं.

दुसऱ्या दिवशी ते टॉवेल घेऊन आले. तो त्यांनी झटकला, नीट घडी केली आणि आमच्या जेवणाच्या टेबलाच्या खुर्चीच्या पाठीवर टाकला. पाठीवर टॉवेल पडला की ती खुर्ची त्या माणसाची, हे फोर्टातलं शेंबडं पोरही सांगेल. मी तेव्हाच ओरडायला हवं होतं. आईने त्यांना चहा दिला आणि विषय संपला.

मी तेव्हा गाऊनवर काम करत असे. दिवाणावर आडवी, पोटावर लॅपटॉप, शेजारी चिवड्याचा डबा. साहेब पहिल्यांदा दारात आले तेव्हा मला तशी बघून त्यांनी पाठ फिरवली आणि गॅलरीच्या कठड्याकडे तोंड करून विचारलं, "ऑफिस कधी उघडतलं?"

"उघडलंय की. मी काम करतेय, साहेब."

"तू गाऊनवर आहेस. म्हणजे ऑफिस बंद आहे. मी थांबतो."

आणि थांबले. इन केलेला शर्ट, पॉलिश केलेले बूट, एका हातात डबा, दुसऱ्यात छत्री. येणारे-जाणारे विचारायचे, "कोण हवंय?" तर म्हणायचे, "ऑफिस उघडायची वाट बघतोय." शेवटी लाजेने मी ड्रेस घातला. त्या दिवसापासून माझ्या स्वतःच्या घरात मला गाऊनबंदी झाली.

मग एकेक कायदा यायला लागला. दिवाणावर कुणी लवंडू नये म्हणून ते आल्याबरोबर त्यावर आपली छत्री, पिशवी आणि पाण्याची बाटली अशी आडवी मांडून ठेवायचे, जसा एसटीत जागा अडवतात. जेवण डब्यातूनच झालं पाहिजे. माझं स्वयंपाकघर टेबलापासून हाकेइतकंही लांब नाही, मागे हात केला तर फ्रिज उघडतो. तरी आईने सकाळी माझा डबा भरायचा, तो टेबलावर ठेवायचा आणि जेवणाच्या सुट्टीत आम्ही दोघांनी समोरासमोर बसून गार पोळ्या खायच्या. तवा तिथेच शेगडीवर हसत असायचा. "गरम पोळी खाल्ली की माणूस पेंगतो," असं त्यांचं म्हणणं. मी आईकडे दाद मागितली. पण दुपारी तव्यापाशी उभं राहणं सुटलं म्हणून ती त्यांच्या पक्षात गेलेली होती.

संध्याकाळी काम संपलं की ते लॅपटॉपला रुमाल पांघरवायचे आणि मला जिने उतरून फाटकापर्यंत सोबत न्यायचे. तिथून ते लालबागच्या दिशेने चालू लागायचे आणि मी तीन मजले चढून परत घरी.

"ह्याला काही अर्थ आहे का, साहेब? मी घरातून निघून घरीच येतेय."

"घरी येऊक आधी ऑफिसातून निघूचा लागता," ते म्हणायचे. "नायतर तू घरी येतलंस कधी?"

ह्या माणसाशी वाद घालण्यात राम नव्हता. आपण दमायचो, ते ताजेतवाने व्हायचे.

पण सगळ्यांत मोठा छळ होता तो फेऱ्यांचा. तासाला एकदा ते उठायचे, बूट चढवायचे आणि गॅलरीच्या ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत चार फेऱ्या मारायचे. हातातलं काम कितीही घाईचं असो, माणूस उठलाच. जाताना मला हाक, "बाय, ऊठ." मी म्हणायची, "पाच मिनिटं." परत आल्यावर ते बघायचे तर मी तिथेच. "तुझी पाच मिनिटं म्हणजे नवसाच्या रांगेतली," असं बोलून बसायचे. एकदा बोलता बोलता त्यांनी शेजारच्या काकूंचे वाळत घातलेले तांदळाचे पापड बुटांनी तुडवले. काकूंनी आठवडाभर माझ्याशी अबोला धरला. त्यांच्याशी नाही, माझ्याशी.

माझी मान तेव्हा पार कामातून गेली होती. उजव्या हाताला मुंग्या यायच्या, सकाळी उठताना कोपरात कळ यायची. डॉक्टरांनी गळ्यात पट्टा घालायला सांगितला. तो बघून साहेब म्हणाले, "पट्टो कुत्र्याक घालतत. तू ऊठ." मला इतका राग आला की मी दिवसभर त्यांच्याशी बोलले नाही. त्यांच्या ते लक्षातसुद्धा आलं नाही.

बसण्याची त्यांना एवढी भीती का, ते मला मागाहून कळलं. आमच्या ऑफिसातून कुणीही निवृत्त झालं तर निरोपाची सगळी व्यवस्था साहेबांकडे असे. शाल, श्रीफळ, बटाटेवडा, वेफर, आणि मग सगळ्यांनी जिन्यावर उभं राहून काढलेला फोटो. भाषण त्यांचंच. तास तास तयारी करून ते एकेका शिपायासाठीही असं भाषण करायचे की त्या माणसाला आपण एवढे मोठे होतो हे त्या दिवशीच समजायचं. एके दुपारी डबा खाताना आईने त्यांना विचारलं, "मग ते सगळे आता काय करतात हो?"

साहेबांनी डब्याचं झाकण लावलं. "बरेचसे गेले, मावशी. मीच शाल पांघरवली आणि मीच मसणात गेलो. घरी गेले ते खुर्चीत बसले. सकाळी पेपर घेऊन बसले, दुपारी टीव्ही लावून बसले. बसलो तो संपलो."

म्हणजे जो बसला तो संपला. त्यांच्या मालवणीतलं हे वाक्य आम्ही रोज ऐकत असू आणि रोज वैतागत असू. त्या दिवशी मी वैतागले नाही. उठलेही नाही, ते वेगळं.

"माझा निरोप मात्र नीट व्हायला हवा," ते पुढे म्हणाले. "उभ्याने, लोकांसमोर, भाषण करून. एवढ्या जणांना दिला. आपल्याला एक मिळायला नको?" निवृत्तीला त्यांचं वर्षही उरलं नव्हतं.

आणि तिथेच घोडं अडलं. कंपनीने आमच्या लॅपटॉपमध्ये बोलाचालीसाठी जे काही घातलं होतं, त्यात प्रत्येकाच्या नावापुढे एक ठिपका असे. माणूस काम करत असला की हिरवा. थोडा वेळ माउस हलला नाही की पिवळा. साहेब गॅलरीत गेले की त्यांचा ठिपका पिवळा व्हायचा. दिवसातून कितीदा तरी.

त्यात दसरा आला. दसऱ्याच्या आदल्या दिवशी ऑफिसात हत्यारांची पूजा, ही त्यांची वर्षानुवर्षांची रीत. दोन्ही लॅपटॉप पाटावर ठेवले, हळदकुंकू वाहिलं, झेंडूच्या माळा घातल्या, आणि पुजलेल्या हत्याराला संध्याकाळपर्यंत हात लावायचा नाही असं फर्मान काढलं. मी माझा लॅपटॉप पळवून स्वयंपाकघरात नेला आणि घाईघाईत मीटिंगला बसले, तर मॅनेजरला पडद्यावर माझ्याऐवजी एक भलंथोरलं झेंडूचं फूल दिसत होतं. माळ काढायची राहिली होती. माझं हसण्यावारी गेलं. साहेबांचा ठिपका मात्र सबंध दिवस विझलेला होता, आणि दसरा उलटल्यावर मॅनेजरचा फोन आला. साहेबांना फोन हातात धरून बोलायची सवय नव्हती, त्यांनी तो टेबलावर ठेवून मोठा आवाज लावला.

"सर, सिस्टममध्ये तुम्ही बराच वेळ अवे दिसता."

"माझं काम मागे आहे का?"

"नाही नाही, काम टॉप आहे सर. पण प्रेझेन्स दिसायला पाहिजे ना. वरून विचारतात. अजून एकदा असं झालं तर मला लेटर काढावं लागेल, आणि मग रिटायरमेंटपर्यंत कंटिन्यू करणं डिफिकल्ट होईल. प्लीज, सर."

"म्हणजे मी बसून राहू?"

"सर, बेसिकली हो."

साहेबांनी फोन बंद केला. मग खुर्चीपाशी ठेवलेले बूट उचलून दाराबाहेर ठेवले आणि खुर्चीत येऊन बसले.

ते खरोखर बसले. सकाळी आल्यापासून संध्याकाळपर्यंत. मला वाटलं, चला, सुटलो एकदाचे. हाका बंद, फेऱ्या बंद, काकूंचे पापड सुखरूप. पण दोन-चार दिवसांत मला घरात बसवेना. साहेब बोलेनासे झाले. डबा अर्धा परत न्यायला लागले. पाय सुजून मोजे घोट्यात रुतायला लागले. आईने मला आत बोलावून विचारलं, "ह्यांचं काय बिघडलंय गं? तू काही बोललीस का?" तासातासाला ते खिडकीतून गॅलरीकडे बघायचे आणि पुन्हा ठिपक्याकडे. गळ्यात पट्टा माझ्या होता, पण दिसायला तो त्यांच्या गळ्यात दिसायचा.

मला ते बघून कीव आली असं म्हणायला मला आवडेल. पण आला तो संतापच. मॅनेजरचा, ठिपक्याचा, आणि इतकं शहाण्यासारखं वागणाऱ्या त्या हट्टी माणसाचा. मी उठले, त्यांचा माउस हातात घेतला आणि ओरडले, "उठा हो एकदाचे! जा, मारा तुमच्या फेऱ्या! मी हलवते हे."

"आणि कळलं तर? तुझी नोकरी जाईल. मावशीचं काय?"

"जाईल तर जाईल. पण तुमचं हे तोंड बघवत नाही. निघा!"

ते उठले. मग बूट चढवले. दारातून वळून म्हणाले, "दिव्यात तेल घालीत राहा, गो बाय. विझू देऊ नकोस."

तेव्हापासून त्या ठिपक्याला आमच्या घरात दिवा हे नाव पडलं. तासाला एकदा साहेब उठायचे, "तेल घाल, गो," म्हणायचे आणि मी माझं काम टाकून त्यांचा माउस हलवायची. म्हणजे घरात एक माणूस मन लावून फिरायचा आणि एक मन लावून वैतागायचा. माझ्या मीटिंगा असायच्या तेव्हा आईला शिकवलं. समईची वात सारावी तशी ती एका बोटाने माउस अलगद पुढे सारायची, आणि पडद्यावर काही दिसलं तर घाबरून पदर तोंडाला लावायची. पण दिवा तिने कधी विझू दिला नाही. पुढे पुढे साहेब तिलाही फेरीला नेऊ लागले. बाबा गेल्यापासून उंबरा न ओलांडलेली माझी आई कठडा धरून गॅलरीच्या टोकापर्यंत जायला लागली, आणि तेल घालायला पुन्हा मीच. सगळं घर फिरत होतं. बसलेली मी एकटी होते.

शेवटचा दिवस आला. मॅनेजरने दुपारी चारची वेळ दिली होती, सगळे पडद्यावर जमणार होते. साहेबांनी नवा शर्ट शिवून घेतला होता. आईने आदल्या दिवशी स्वतः जिने उतरून शाल आणली, नारळ आणला. बटाटेवडे तिने घरीच करायचं ठरवलं होतं, कारण बाहेरच्यात लसूण कमी असतो. साहेब सकाळपासून दहादा आरशात डोकावले. माझ्याशी न भांडता ते प्रथमच इतका वेळ राहिले असतील.

अकराच्या सुमारास मॅनेजरचा मेसेज आला. चार वाजता त्याला दुसरं काम निघालं होतं. आत्ता जी आढावा मीटिंग चालू होती तिच्यातच पाच मिनिटं काढून तो निरोप उरकून घेणार होता. सरांना लगेच जॉइन व्हायला सांगा, असं त्याने मला लिहिलं होतं. मी ते वाचून दाखवलं.

साहेबांनी पुन्हा एकदा स्वतः वाचलं. मग चष्मा काढून टॉवेलवर ठेवला, आणि बूट चढवायला लागले.

"कुठे निघालात? अहो, तुमचा निरोप आहे!"

"माझी फेरी आहे."

"साहेब, हा हट्टीपणाचा दिवस आहे का? वर्षभर जीव टाकलात ह्यासाठी! सगळे थांबलेत."

"कोण थांबलाय? मीटिंग थांबलीय का?" त्यांचा आवाज चढला नव्हता. "मी शिपायाचा निरोप कधी पाच मिनिटांत उरकला नाही. चला, मावशी."

आणि ते दोघं निघून गेले. मी त्यांच्या खुर्चीत बसले. दुसरं करणार काय? त्यांच्या नावाने मीटिंगला जोडून घेतलं, कॅमेरा बंद ठेवला आणि माउस हलवत राहिले.

मॅनेजर कुठूनतरी वाचून दाखवत होता. साहेबांच्या आडनावाचा त्याने दोनदा वेगवेगळा उच्चार केला आणि दोन्ही चुकीचे. "सर, आर यू देअर? हां, सर ॲक्टिव्ह आहेत. कॅमेऱ्याचा इश्यू असेल." मग टाळ्यांच्या चित्रांचा पाऊस पडला. "सर, दोन शब्द बोलाल?" मी माउस आणखी जोरात हलवला. खिडकीबाहेरून बुटांचा आवाज जवळ आला, आईच्या सपातांचा आवाज आला, आणि दोन्ही पुढे निघून गेले. "ओके," मॅनेजर म्हणाला, "सर इज इमोशनल. वी अंडरस्टँड, सर. नेक्स्ट पॉइंट."

इतकी वर्षं ऑफिस सांभाळलेल्या माणसाला निरोप देऊन झाला होता, आणि माणूस खुर्चीत नव्हता हे कुणाला कळलंही नव्हतं. दिवा पेटलेला होता, त्यांना तेवढं पुरलं. मला रडू आलं, आणि रडता रडता मी त्या माउसला शिव्या देत होते.

साहेब परत आले. "झाला?"

"झाला."

"काय म्हणाले?"

"म्हणाले, तुम्ही भावुक झालात."

साहेब इतके हसले की त्यांना भिंतीला टेकावं लागलं. हसणं ओसरल्यावर त्यांनी डोळे पुसले, टॉवेलनेच, आणि बराच वेळ त्यातून तोंड बाहेर काढलं नाही.

चार वाजता आम्ही तिघं जिन्यावर उभे राहिलो. वडे होते, वेफर होते. आईने साहेबांना शाल पांघरवली. शेजारच्या काकूंना मी फोटो काढायला बोलावलं, त्या पापडांचं विसरून आल्या. साहेब म्हणाले, "भाषण?"

"मला नाही येत बोलायला."

"वाईट बोल, चालेल. पण उभी राहून बोल."

म्हणून मी बोलले. म्हटलं, ह्या माणसाने माझ्या घरात मला गाऊन घालू दिला नाही. मला गार पोळ्या खायला घातल्या. माझ्या दिवाणावर छत्री झोपवली आणि मला उभी ठेवली. माझ्याकडून रोज चोरी करवून घेतली. इतका छळ मला सख्ख्या नातेवाइकांनी केला नाही. उद्यापासून हा माणूस येणार नाही, आणि त्याचा मला आत्तापासून राग येतोय. साहेब शालीत ताठ उभे होते, नारळ दोन्ही हातांनी पोटाशी धरून. "बरं बोललंस," एवढंच म्हणाले. ते लालबागचं बिऱ्हाड मुलावर सोपवून गावी गेले. टॉवेल मात्र नेला नाही. मी फोनवर सांगितलं तर म्हणाले, "असू दे. खुर्ची रिकामी ठेवू नका."

त्यानंतरचा सोमवार. मी नेहमीसारखी वेळेवर बसले होते. समोर कुणी नव्हतं, कुणी हाक मारत नव्हतं, दिवाण मोकळा होता. माझा ठिपका सकाळपासून अखंड हिरवा होता. मुंग्या कोपरापासून खांद्यापर्यंत चढल्या होत्या. अकराच्या सुमारास आई स्वयंपाकघरातून हात पुसत आली. तिने साहेबांची खुर्ची ओढून माझ्या शेजारी लावली, टॉवेल सारखा केला, आणि माझ्या हातातला माउस काढून घेतला.

"ऊठ," ती म्हणाली.

"आई, पाच मिनिटं."

"पाच नाही नि दहा नाही. मी घालते तेल. तू निघ."

मी तोंड वाकडं करून चपला घातल्या आणि बाहेर पडले. पहिली फेरी मी साहेबांच्या नावाने बोटं मोडतच मारली. दुसऱ्या फेरीला मान थोडी वळायला लागली, त्याचा आणखी राग आला. खिडकीतून आत बघितलं तर आई ताठ बसून एक बोट माउसवर ठेवून त्या ठिपक्याकडे एकटक बघत होती. मी दिसल्यावर तिने मान न वळवता हात हलवला.

"सावकाश ये गं," ती म्हणाली. "तेवतोय."